तो दगड ग्रॅनाइट नव्हता

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. आपण कधी एवढे लांब राहिलोच नाही. रस्ता ओलांडला की तुझं घर, आणि आत्ता लिहितानाही मान वर केली की तुझ्या गच्चीवर वहिनीने वाळत घातलेले कपडे दिसतात. फोन करता आला असता. पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, हे आपलं लहानपणापासूनचं आहे. तू मध्ये बोललास की माझं वाक्य राहून जातं आणि मग मला वाटतं, जाऊ दे. या वेळी जाऊ द्यायचं नाही म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच. मला लिहिता येतं असं नाही. दवाखान्यात औषधाच्या पाकिटावर सकाळ-संध्याकाळ लिहिते तेवढंच माझं लिखाण.

माझं बरं चाललं आहे. औषधखिडकीवर रोज जाते. तिथे माणसं रांगेत उभी असतात आणि प्रत्येकाला आपलं काम उरकून घरी जायचं असतं, म्हणून कुणी माझी विचारपूस करत नाही. ते बरं वाटतं. घरी आल्यावर मात्र काय करावं सुचत नाही. मग ह्यांचे दगड पुसते. शेजारच्या काकू म्हणाल्या, आता एवढ्या दगडांचं काय करणार, बाहेर कुंड्यांभोवती लावून टाका, शोभा येईल. मी हो-हो म्हटलं आणि कपाटाचं दार लावून घेतलं. ओल्या फडक्याने पुसले की ते थोडा वेळ खरे रंग दाखवतात, मग वाळून पुन्हा सगळे सारखेच राखाडी होतात. हे फडकंबिडकं शोधत बसायचे नाहीत, सरळ जीभ लावायचे. आमचं ठरत होतं तेव्हा तू मला बाजूला घेऊन म्हणाला होतास, माणूस लाखात एक आहे, पण दगड चाटतो, नंतर मला बोल लावू नकोस. मी किती दिवस त्यावर हसत होते. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो तेव्हा ह्यांनी खरंच रस्त्याकडेचा एक खडा उचलून चाटला आणि वर मलाही पुढे केला. मी चाटला. ते घरी कुणाला सांगितलं नाही, आज तुला सांगते.

तुम्ही दोघं खडकांवर बोलत बसायचात तेव्हा तुला वाटायचं, मला कंटाळा येतो. कंटाळा नाही यायचा. तू उठून गेलास की हे मला सगळं पुन्हा समजावून सांगायचे, माझ्या भाषेत. अग्निज खडक म्हणजे जो एकदा पूर्ण वितळलेला होता आणि मग निवत निवत घट्ट झाला. ग्रॅनाइट तसा. त्यातले कण जिथे जागा मिळेल तिथे, वाटेल त्या दिशेला तोंड करून बसलेले असतात, म्हणून तो कुठल्याही बाजूने बघा, सारखाच ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. रूपांतरित खडकाचं तसं नसतं. तो आधी दुसराच काही असतो, कधी कधी ग्रॅनाइटच असतो, आणि जमिनीत खोल दाबाखाली, उष्णतेत, न वितळता बदलतो. घन असतानाच बदलतो, हे सांगताना हे दर वेळी थांबायचे. पट्टिताश्म हा तसलाच एक खडक. त्यात ग्रॅनाइटमधलीच खनिजं असतात, तेच पांढरे, तेच गुलाबी, तेच काळ्या अभ्रकाचे कण. पण दाबामुळे ते सगळे एका दिशेला आडवे झालेले, पट्ट्यापट्ट्यांनी. म्हणजे यादी केली तर दोन्हींत फरक सापडायचा नाही. फरक मांडणीत. मी म्हणायचे, मग एवढं काय भांडायचं, ग्रॅनाइट म्हणा नाहीतर आणखी काही. हे म्हणायचे, तू दोन गोळ्यांबद्दल असं म्हणशील का? दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल, मग द्या कुठलीही?

एक गोष्ट मात्र ह्यांना खपायची नाही. कुणी भाषणात माणसांना दगडांची उपमा दिली, दाबाखाली घडलेला माणूस वगैरे, की हे खुर्चीत चुळबुळायला लागायचे. म्हणायचे, दगडाला काही सोसावं लागत नाही, त्याला उगीच थोर करू नका. म्हणून मीही इथे तसलं काही लिहीत नाही. मला फक्त त्या एका दगडाबद्दल लिहायचं आहे, जो तू माझ्याकडून नेलास.

तो दगड आमच्या घरी आला तो रविवार तुला आठवत असेल. नसेल आठवत असं मला वाटत नाही. डोंगरातल्या नव्या रस्त्यासाठी खडक तपासायचं काम तुम्हा दोघांकडे होतं आणि ह्यांना पाठदुखीमुळे चढावर जाता येत नव्हतं, म्हणून पाहणी तू एकट्याने केली होतीस. तू जेवायला आलास तेव्हा पिशवीतून तो तुकडा काढून टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, एकदम ठणठणीत ग्रॅनाइट आहे, डोंगर सरळ उभा कापला तरी हलणार नाही, तसं खात्याला कळवूनही टाकलं. मी पानं वाढत होते. ह्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट फिरवून पाहिला. मग तांब्यातलं पाणी त्याच्यावर ओतलं, माझ्या धुतलेल्या टेबलपोसावर, आणि तो तुझ्यासमोर आडवा केला. वरून ठिपके होते. कडेला पट्टे होते, माझ्यासारखीलाही दिसतील असे. तू वरचाच सपाट चेहरा बघितला होतास, पट्ट्यांच्या बाजूने फुटलेला. पहिल्या वर्षाची पोरं करतात ती चूक, असं हे म्हणाले, पण हसत म्हणाले. तू आधी चिडलास. दोन वेळा दगड उजेडात नेलास. मग ह्यांनी माझी औषधांची रिकामी पाकिटं मागितली, ताटात त्यांचा तिरका गठ्ठा रचला, खाली आधाराला वाटी लावली, आणि म्हणाले, हा तुझा डोंगर, ही वाटी म्हणजे त्याचा पायथा, आता तू रस्त्यासाठी पायथा काप. तू वाटी काढलीस आणि सगळी पाकिटं घसरून तुझ्या मांडीवर आली. पट्टे रस्त्याकडे उतरते आहेत का, एवढंच ह्यांनी विचारलं. तू म्हणालास, हो, उतरते आहेत.

मग तू हात वर केलेस आणि म्हणालास, “बरं बाबा, पट्टिताश्म. जिंकलास तू. उद्या दुरुस्ती पाठवतो.”

ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं, कारण त्यानंतर तू पुन्हा वाढून घेतलंस आणि मला बरं वाटलं, की वाद मिटला. निघताना दगड विसरून गेलास. ह्यांनी तो कपाटात ठेवला.

त्याच आठवड्यात ह्यांना ताप भरला. पुढचं तुला माहीत आहे, दवाखान्यात तू रोज होतास. मला घरी झोपायला पाठवून खुर्चीवर बसून राहायचास, डॉक्टरांशी तूच बोलायचास, कारण मी रक्ताचे आकडे वाचू शकत होते आणि वाचून झाल्यावर मला बोलता येत नव्हतं. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण त्या खोलीतली आणखी एक गोष्ट मला आठवते. एका दुपारी ताप उतरला होता तेव्हा ह्यांनी तुला विचारलं, दुरुस्ती पाठवलीस ना? तू उशी सारखी करत होतास. म्हणालास, पाठवली रे, तू आता डोक्याला त्रास देऊ नकोस. हे हं म्हणाले आणि डोळे मिटून पडले. मला तुझा केवढा आधार वाटला होता तेव्हा. जाण्याआधी ह्यांचं मन शांत होतं, असं मी भेटायला येणाऱ्या सगळ्यांना सांगत होते.

डोंगर घसरला तेव्हा तो नवीन रस्त्यावरचा पहिलाच मोठा पाऊस होता, म्हणून पहिले काही दिवस सगळे पावसालाच दोष देत होते. मीसुद्धा. पावाची गाडी चालवणारा तो माणूस त्यात सापडला, त्याचा पाय काढावा लागला, हे वर्तमानपत्रात वाचलं आणि मनात आलं, हे असते तर त्यांना जेवण गेलं नसतं. तुम्ही सांगूनही लोकांनी ऐकलं नाही, असंच मी धरून चालले होते. दुरुस्ती गेली होती, तिच्याकडे खात्याने दुर्लक्ष केलं, आता चौकशीत ते उघड होईल. मी तर मनातून वाट बघत होते, की तू समितीसमोर ह्यांचं नाव घेशील, सांगशील, आमच्यातल्या एकाने हे वेळेवर ओळखलं होतं.

म्हणून तू आलास आणि म्हणालास, समितीला दाखवायला त्या जागेचा एखादा चांगला नमुना हवा, ह्याच्या कपाटात असेल बघ, तेव्हा मी स्वतः उठले. तू शोधू लागलास तर तुझ्या हाताला दुसराच येत होता. मीच सांगितलं, तो नव्हे, हा. पुसून दिला. कोपरे फुटू नयेत म्हणून ह्यांच्या जुन्या मफलरीत गुंडाळून दिला. दारात तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, तू चौकशीला येऊ नकोस, उगीच त्रास होईल तुला. मी येणार नव्हतेच. पण त्या दिवशी सकाळी वाटलं, ह्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलले जातील आणि घरचं कुणी ऐकायला नसेल. म्हणून अर्धी रजा टाकली आणि मागच्या दाराजवळच्या खुर्चीवर येऊन बसले. तू मला पाहिलं नाहीस. बरं झालं. पाहिलं असतंस तर कदाचित मला कधीच कळलं नसतं.

तू म्हणालास, “ते आज हयात नाहीत, म्हणून मला हे बोलायला फार जड जातं.” मग मफलर सोडलीस, दगड काढलास, समोरच्या बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतलंस, आणि समितीला आधी वरचा चेहरा दाखवलास आणि मग कड. ह्यांचं सगळं जसंच्या तसं. हातात दगड फिरवायची पद्धतसुद्धा. म्हणालास, वरून पाहिला तर हा ग्रॅनाइट वाटतो, चांगल्या माणसाचीही फसगत होते, त्यात माझ्या मेव्हण्यांची तब्येत तेव्हा ठीक नव्हती, दगड ओळखायचं काम त्यांच्याकडे होतं, मी विश्वासाने सही केली. अध्यक्षांनी मान हलवली. एक जण तर हळहळला. कुणीतरी तुला पाणी दिलं.

दादा, मी घरी येऊन त्यावर विचार केला तेव्हा लक्षात आलं, की तू खोटी गोष्ट सांगितलीच नव्हतीस. सगळं खरं होतं. वरचा चेहरा बघून फसणं खरं, पाणी खरं, कडेचे पट्टे खरे. तू फक्त आपल्या जागी ह्यांना बसवलंस. तू त्यांना शिव्या दिल्या असत्यास, आळशी म्हणाला असतास, तर मला एवढं लागलं नसतं. लोक रागात बोलतात. पण जी चूक त्यांनी तुला घरात, जेवणाच्या टेबलावर, बाहेरच्या कुणाला कळू न देता दाखवली, तीच तू भरल्या सभेत त्यांच्या नावावर टाकलीस. आणि ती पुराव्यानिशी टाकता यावी म्हणून दगड माझ्या हातून नेलास.

दुरुस्ती तू पाठवली नव्हतीस. एवढं मला तिथेच, त्या खुर्चीवर कळलं. एकदा लिहून दिलेलं मागे घ्यायला तुला नको वाटलं असेल. कामाला उशीर झाला असता, खात्यातले लोक चार शब्द बोलले असते. ते मी समजू शकते. आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून तू त्या दुपारी खोटं बोललास, तेही समजू शकते. मीसुद्धा खिडकीतून रोज कुणाला तरी बरं वाटेल म्हणते आणि मला माहीत असतं वाटणार नाही. पण ते खोटं ह्यांच्यासाठी नव्हतं. ते बरे झाले असते तर त्यांनी स्वतः खात्यात जाऊन विचारलं असतं. ते बरे होणार नाहीत हे तुला तेव्हा माझ्याआधी कळलं होतं. डॉक्टरांशी तूच बोलत होतास.  हे लिहिलं, कारण हा विचार एकटीने डोक्यात ठेवून मला झोप येत नाही.

तरीही मी गप्पच राहिले असते. तुला माझा स्वभाव माहीत आहे आणि तू त्याच भरवशावर होतास. पण परवा खिडकीवर एक बाई आली. नवऱ्याच्या जखमेची औषधं न्यायची होती. मी पाकिटं तयार केली, कुठली जेवणाआधी, कुठली नंतर ते सांगितलं. तिने माझ्या कोटावरच्या पट्टीवरचं आडनाव वाचलं. मग काचेच्या खालच्या फटीकडे वाकली आणि हळूच विचारलं, “तुमच्या साहेबांना खरंच कळलं नव्हतं का हो?” पावाच्या गाडीवाल्याची बायको होती ती. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला फक्त जाणून घ्यायचं होतं, चुकून झालं की काय. मागची रांग खोळंबली होती. मी तिला म्हटलं, ही गोळी उपाशीपोटी देऊ नका. ती बरं म्हणाली आणि गेली.

काल वहिनी आली. तू नाही आलास, तिला पाठवलंस. मी मागच्या खुर्चीवर होते हे तुला कुणीतरी सांगितलं असावं. वहिनी पदराने डोळे पुसत होती, मुलांच्या शिक्षणाचं बोलत होती, तुझ्या कामावर गदा येईल म्हणत होती. मग म्हणाली, “गेलेल्या माणसाला आता काय बाधणार आहे? जिवंत माणसाचं बघ.” मी तिला चहा दिला. तिचा राग नाही मला, ती तुझी बायको आहे, तिने तेच म्हणायला हवं. पण ती गेल्यावर मी विचार केला, की गेलेल्या माणसाला बाधत नाही हे खरंच आहे. त्यांना ना तो पाय कळला, ना ती सभा. बाधतं ते मला. माझ्या कोटावर त्यांचं आडनाव आहे आणि त्या खिडकीवर मला रोज बसायचं आहे. आणि त्या डोंगराचा उरलेला भाग अजून तसाच उभा कापलेला आहे, त्याच्याखालून गाड्या जातात. चूक एका आजारी माणसाच्या नजरेची होती, असं ठरलं की समिती उठेल आणि पुढचा दगड कुणी तपासणार नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आज सकाळी मी समितीच्या कार्यालयात जाऊन सगळं सांगून आले. त्या रविवारचं, दवाखान्यातल्या दुपारचं, आणि दगड कुणी कुणाला दिला तेही. तिथले अधिकारी सभ्य होते. त्यांनी आधीच सांगितलं, की बाई, नवऱ्याची बाजू बायको घेणारच, तुमच्या म्हणण्याला फारसं वजन येईल असं समजू नका. मग नेहमीचे प्रश्न विचारू लागले. ज्यांच्याविरुद्ध सांगताय ते तुमचे कोण? मी म्हटलं, सख्खा भाऊ. त्यांनी मान वर केली. घरात काही वाद, वाटणी, जुनं वैर? मी म्हटलं, नाही, आई-वडलांच्या मागे ह्यानेच मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावून दिलं, ह्याच्याइतकं माझं कुणी केलेलं नाही.  मग त्यांनी पुढ्यातला कागद बाजूला सारला, कोरा घेतला, आणि म्हणाले, मग पहिल्यापासून सांगा, आता मी नीट लिहून घेतो. म्हणजे माझं जे ऐकलं गेलं ते मी ह्यांची बायको म्हणून नाही, तुझी बहीण म्हणून. त्यांचं बोलावणं तुला एक-दोन दिवसांत येईल. तुझ्याबद्दल मला परक्या माणसांत बसून कळलं होतं. माझ्याबद्दल तुला तसं कळू नये, म्हणून आधी हे. कपडे आत घ्यायला वहिनी गच्चीवर आली आहे. ती खाली गेली की येऊन तुमच्या दाराच्या फटीतून आत सरकवते.

अजूनही तुझीच,
धाकटी